नाताळचं वेगळं ताट

इंग्लंडात असताना एका नाताळच्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला बांधून दिलेलं जेवण मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा धर्माचं नाव पुढं करून खोटं बोललो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापालाही नाही. बाप तर आता ऐकायलाही नाही. त्या बाई मात्र आहेत, आणि माझं खोटं अजूनही खरं मानून आहेत.

मी नर्स आहे. पुरुषमाणूस नर्स, हे आमच्या भागात लोकांना लवकर पचत नाही. आमच्या वाशिमकडच्या मालेगावात कोणी विचारलं तर मी ‘दवाखान्यात आहे’ एवढंच म्हणतो. समोरचा मला कंपाउंडर समजतो आणि विषय संपतो. चाळिशीला टेकलो तेव्हा परीक्षा देऊन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या सरकारी दवाखान्यात लागलो. बायको आणि मुलगी वाशिमला राहिल्या, आईबाबा मेडशीकडच्या आमच्या गावी. मी एकटाच गेलो.

तिथं माझं घर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या लांब रांगेतलं एक. पुढं रस्ता, मागं अरुंद बोळ. बोळात प्रत्येकाच्या मागच्या दाराशी चाकाचा कचऱ्याचा डबा. डावीकडच्या घरात त्या बाई राहायच्या. सत्तरीच्या पुढं वय, अंगानं काटक. नवरा त्याच वर्षी वारला होता. मुलगी दूर दक्षिणेकडं नोकरीला. बाई सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायच्या: मला, पोस्टमनला, बोळातल्या मांजरालाही. त्यांना नावानं हाक मारायची तिकडची रीत, पण आईच्या वयाच्या बाईला नावानं बोलवायला माझी जीभ वळेना. एकदा तोंडातून ‘आंटी’ निघून गेलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “मी कुणाची आंटी नाही. पण असू दे, आंटी तर आंटी.” त्यांचं बोलणं मी इथं माझ्या मराठीत लिहितोय, एवढं लक्षात ठेवावं.

डिसेंबर लागला तसं त्यांनी मला कुंपणावरून विचारलं, “नाताळला कुठं जाणार?”

“कुठं नाही. सुट्टी आहे.”

“मग दुपारी माझ्याकडं ये. टर्की एकटीसाठी भाजता येत नाही, लव्ह. तेवढी लहान टर्की देवानं केलेलीच नाही.”

पंचवीस डिसेंबर आमच्या वस्तीत वेगळ्या कारणानं पाळतात. महाडला मनुस्मृती जाळली त्या आठवणीनं विहारात सभा होते, म्हातारी माणसं बोलतात, पोरं मागं बसून चुळबुळ करतात. त्या दिवशी कोणाच्या घरी सणाचं जेवण जेवायला जाईन, असं कधी मनात आलं नव्हतं. नवा शर्ट घातला, फुलं घेतली आणि बोळ सोडून सगळा वळसा मारून पुढच्या रस्त्यानं गेलो. पुढच्या दाराची बेल दाबली. दार उघडायला बराच वेळ लागला. आतून खांदा लावून ढकलल्याचे आवाज येत होते. शेवटी दार निघालं तेव्हा बाईंना दम लागला होता. “अरे, पुढून आलास!” म्हणाल्या आणि हसल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलावल्यावर माणूस पुढूनच येतो.

टेबलावर दोनच ताटं होती, पण मांडणी दहा जणांची. मेणबत्त्या, लाल कापड, आणि दोन्ही टोकांना पीळ दिलेला कागदी फटाका. तो दोघांनी दोन बाजूंनी ओढायचा. फुटला की आतून पातळ कागदाचा मुकुट निघतो आणि एक फालतू विनोद. मुकुट डोक्यावर घालूनच जेवायचं. बाईंनी घातला, मीही घातला. त्यांनी विनोद वाचला, मला कळला नाही. म्हणाल्या, “कळण्यासारखा नसतोच तो. माझा नवरा दरवर्षी न कळताच हसायचा.”

टर्की म्हणजे मोठ्या कोंबडीसारखीच, पण मांस जरा कोरडं. त्यावर तपकिरी रस्सा ओतायचा. चरबीत भाजलेले बटाटे मात्र असे, की बाहेरून पापडासारखे वाजावेत आणि आतून लोण्यासारखे. बोराएवढे कोबीचे गड्डे. मांसाबरोबर गोड आंबट लाल जॅम, त्याची जिभेला सवय व्हायला मला दोन वर्षं लागली. मी मनापासून जेवलो. मटण, कोंबडी आमच्या घरी आठवड्याचीच. मला काही वर्ज्य नव्हतं.

एकच गोष्ट खटकली. ताट संपलं तसं बाईंनी विचारलं, “अजून घेशील?” मी म्हटलं, “नको, नको.” आमच्याकडं पहिल्या ‘नको’ला कोणी मोजत नाही. पहिलं नको म्हटलं की वाढणारा आणखी वाकतो, दुसऱ्या नकोला अर्धी पोळी पानात पडते, तिसऱ्याला हात आडवा धरावा लागतो. बाईंनी मात्र “बरं” म्हटलं आणि भांडं उचलून आत नेलं. माझं पोट अर्धंच भरलं होतं. मग तीनला टीव्हीवर राणीचं भाषण झालं. ते त्यांनी हात मांडीवर ठेवून, शाळेत बसल्यासारखं ऐकलं. नंतर काळ्या रंगाचं पुडिंग आलं. त्यावर दारू ओतून त्यांनी काडी लावली. निळी ज्योत फिरली आणि विझली. पेटवलेलं गोड मी पहिल्यांदाच पाहिलं.

चारला अंधार पडला. मी उठलो. बाई म्हणाल्या, “थांब.” मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं भांड्यांत जे उरलं होतं, टर्कीचे तुकडे, बटाटे, कोबी, मसाला भरलेला पाव, ते सगळं एकावर एक आपण पोळ्या गुंडाळतो तसल्या चंदेरी कागदात घातलं. कडा दुमडल्या. पुडकं माझ्या हातात दिलं आणि मागचं दार उघडलं. “इकडून जा,” म्हणाल्या, “जवळ पडेल.”

मी मागच्या दारात उभा, हातात एकात एक कालवलेलं उरलेलं अन्न. “थँक यू” म्हटलं. आणि बोळात उतरलो.

यात एवढं काय झालं, हे कळायला माझ्या बापाच्या आईचं थोडं सांगावं लागेल. मी तिला पाहिलेलं नाही. गावात मोठ्या घरी लग्न असलं की आमच्या लोकांनी आधी अंगण सारवायचं, लाकडं फोडायची आणि पंगती उठल्यावर मागच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. आतून कोणी तरी उरलेलं आणून वरून टाकायचं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळीचे तुकडे, बुंदी, सगळं एकात एक. ती ते धडप्यात, म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, बांधून घरी आणायची. बाबा तेव्हा लहान. दाराशी वाट पाहत बसायचे. एकदाच ते मला म्हणाले होते, “बुंदी त्या वरनात भिजेल राहे. तरी गोड लागे लेका. तेच तं वाईट.”

छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरानं हे बंद केलं. बाबा पुढं मालेगावच्या शाळेत शिपाई झाले, पक्की नोकरी लागली, पण ती रीत त्यांनी कायद्यासारखी पाळली. “बोलावलं तं जा. पंगतीत बसवलं तं बस. पोट भरून जेव. पन मांगच्या दाराशी उभं राहाचं नाही, आन् बांधून आनाचं नाही.” कोणाचा प्रसादही आमच्या घरात पुडीतून आला नाही.

मी सहावीत असेन. वर्गमित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मला त्यानं हाताला धरून पंगतीत नेलं, त्याच्या शेजारी बसवलं. निघताना त्याच्या आईनं मागच्या पडवीतून हाक मारली आणि कागदात बुंदी बांधून दिली. मी नाचत घरी आलो. बाबांनी पुडी पाहिली, चपला घातल्या, मला घेऊन निघाले. त्या घराच्या पुढच्या दाराशी उभे राहिले.

“वयनी, पोरगं जेवलं, पोट भरलं. हे राहू द्या तुमच्याचकडं.”

“अवो भाऊ, लेकरासाठी देल्ली. तुमी कायले मनावर घेता?”

“मनावर नाही घेत. घरची रीत हाय आमच्या.”

त्या बाईनं पुडी परत घेतली. तिचा चेहरा पडला होता. तो का पडला, चोरी पकडल्यासारखा की माया परत आल्यासारखा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायलाही कोणी नाही. वाटेनं बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी रडत नव्हतो. मला तेव्हा बापाचा अभिमानच वाटला. आजही वाटतो. ती रीत चुकीची होती असं मी म्हणत नाही. मी ती कुठं वापरली, हे सांगतोय.

तर त्या संध्याकाळी घरी येऊन पुडकं ओट्यावर ठेवलं आणि बाबांना फोन लावला. तिकडं रात्र झाली होती, विहारातून येऊन ते खाटेवर पडले होते.

“जेवला काय रे?”

“जेवलो. शेजारच्या बाईनं बोलावलं होतं. त्याहीचा सन हाय आज.”

“कुठी बसवलं?”

“टेबलापाशी. तिच्या समोर.”

“कोन्या दारानं गेलता?”

“पुढच्या.”

“मंग झालं,” बाबा म्हणाले. “काय होतं जेवाले?”

मी टर्कीचं सांगितलं, पेटवलेल्या गोडाचं सांगितलं. ते हसले. आईला हाक मारून म्हणाले, “आयकलं काय, पोट्टा आग खाऊन आला.” मागच्या दाराचं मी सांगितलं नाही. फोन ठेवला. ओट्यावर ते पुडकं होतं. घराच्या आत आलेलं. पानात परत वाढलं नाही, उरलं ते मात्र बांधून दिलं, आणि मागून घालवलं: डोक्यात एवढंच फिरत होतं. मागं गेलो, डब्यात पुडकं टाकलं. डबा सणाच्या कचऱ्यानं आधीच भरलेला, झाकण नीट बसलं नाही. मी दाबून पाहिलं नाही.

सकाळी खराट्याचा आवाज आला. वरच्या खिडकीतून पाहिलं. कोल्ह्यानं की मांजरानं माझ्या डब्यातली पिशवी ओढून फाडली होती. चंदेरी कागद त्यांच्या दाराशी, बटाटे आणि मांसाचे तुकडे बोळभर. बाई घरातल्या झग्यावर कोट चढवून ते झाडत होत्या. आपणच बांधलेलं आपणच सुपलीत भरत होत्या. मधेच थांबून त्यांनी तो कागद उचलला, पाहिला आणि सुपलीत टाकला. मी खिडकीतून मागं सरलो. खाली जाऊन खराटा हातातून घ्यायला हवा होता. मी बसून राहिलो.

थोड्या वेळानं माझं मागचं दार वाजलं. मला वाटलं, आता भांडण. दार उघडलं तर त्यांचा चेहरा घाबरलेला.

“तुला बरं आहे ना, लव्ह? मांस खराब झालं होतं का? रात्री उलट्याबिलट्या?”

“नाही आंटी. खराब नव्हतं.”

“मग?”

त्या माझं पोट बिघडलं की काय म्हणून धावत आल्या होत्या. त्या क्षणी खरं बोललो असतो तर दोन मिनिटांत निभावलं असतं. पण खरं काय बोलायचं? माझ्याकडं इंग्रजी होतं ते दवाखान्याचं. कुठं दुखतं, किती दुखतं, शौचाला झाली का. माझी आजी लोकांच्या मागच्या दाराशी उभी राहायची, हे सांगायचं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. आणि खरं म्हणजे इंग्रजीचाही प्रश्न नव्हता. त्या देशात कोणालाच माझी जात माहीत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा. ते सुख मला घालवायचं नव्हतं.

मी म्हणालो, “आम्ही बौद्ध. आमच्यात मांस चालत नाही.”

“पण काल तर तू…”

“तुमचं मन मोडू नये म्हणून खाल्लं.”

बाई तिथंच पायरीवर टेकल्या. कपाळाला हात लावला. “अरे देवा,” म्हणाल्या. “माझं मन राखायला तू धर्म मोडलास. आणि मी वरून पुन्हा बांधून दिलं.” मग उठल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माफी मागितली. एकदा नाही, निघेपर्यंत मागत होत्या.

चारच दिवसांनी वॉर्डात माझी चूक मला कळली. डबे खायच्या खोलीत सगळ्यांच्या हातात टर्कीचे पाव. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून उरलेली टर्की पावात घालून संपवायची, हाच त्यांच्या सणाचा खरा मजेचा भाग. कोणाच्या आईनं काय बांधून दिलं, यावर चढाओढ चाललेली. एक पोर्टर म्हणाला, “मला सासूनं पाय दिला.” एक नर्स त्याला म्हणाली, “तुला पाय, नवऱ्याला माझ्या नुसती हाडं. लायकीप्रमाणं देतात.” सगळे हसले. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “तुला कोणी दिलं की नाही बांधून?” तिच्या आवाजात काळजी होती. ज्याला कोणी बांधून दिलं नाही त्याला तिथं कोणी नाही, असा अर्थ होता तो.

दाराचं नंतर कळलं. फेब्रुवारीत बाईंच्या नावाचं पत्र चुकून माझ्याकडं आलं, ते द्यायला मी पुन्हा पुढची बेल दाबली. पुन्हा तेच खांदा लावणं. “पुढून का येतोस रे? परका आहेस का?” बाई रागावल्या. “पुढचं दार डॉक्टरला आणि पोलिसाला. घरची माणसं मागून येतात. नाताळला तू बेल वाजवलीस तेव्हा मी ते दार किती महिन्यांनी उघडलं माहीत आहे? त्याच्याआधी त्या दारानं माझा नवरा गेला. खांद्यावर.”

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पत्र दिलं आणि निघालो. मागून.

माझ्याच आईच्या हातून कोणी रिकामं गेल्याचं मला आठवत नाही. मी निघालो की शेवया, तुरीची डाळ, ठेचा, तिळाची चटणी. माझी बॅग वजनाला बसेना म्हणून विमानतळावर मी एकदा स्वेटर काढून टाकला होता, पण तिनं बांधलेलं काढलं नव्हतं. आलेल्या पाहुण्याच्या पिशवीत ती त्याची नजर चुकवून काही तरी कोंबते. म्हणजे बांधून देणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. देणारा हात कोणता, एवढंच पाहायचं होतं. तो मी पाहिला नाही. त्या गोऱ्या बाईला मी आमच्या गावच्या मागच्या दारात नेऊन उभं केलं.

मग सुरू झालं माझं शाकाहारी आयुष्य, फक्त डावीकडच्या भिंतीपुरतं. रविवारी कोंबडी शिजवायची तर खिडक्या बंद, पंखा चालू, दाराखाली टॉवेल. तरी वास जायचाच. सोमवारी बाई कुंपणावरून म्हणायच्या, “काल काय केलं होतंस? काय सुंदर वास! डाळ ना?” मी म्हणायचो, “हो, डाळ.” “मला शिकव एकदा ती डाळ,” त्या म्हणायच्या. मी हसायचो. यात विनोद आहे हे मला कळतं. तेव्हा मात्र पुढच्या रविवारी दाराखालचा टॉवेल आणखी घट्ट दाबायचो.

दुसऱ्या नाताळला त्यांनी पुन्हा बोलावलं. मी ड्युटी सांगणार होतो, पण त्यांनी आधीच वॉर्डातल्या एकीला विचारून ठेवलं होतं. त्या वर्षी त्यांची मुलगीही आली होती. मी मागच्या दारानं गेलो. स्वयंपाकघरात सगळं दुहेरी. एका तव्यात चरबीतले बटाटे, दुसऱ्यात तेलातले. एक रस्सा त्यांचा, एक माझा. टर्कीऐवजी माझ्यासाठी सुकामेवा आणि डाळी वाटून केलेला एक लांबट वडा. मुलगी म्हणाली, “आईनं ऑक्टोबरपासून आमचं डोकं खाल्लंय. त्याचा चमचा इकडं लावू नको, त्याची कढई तिकडं घेऊ नको. मला तर वाटलं राजघराण्यातलं कोणी येतंय.”

“गप,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून ताट काढलं. नवं, पांढरं, कडेला निळी रेघ. बाकी ताटं जुनी, फुलांची. “हे तुझं,” म्हणाल्या. “फक्त तुझं. वेगळं ठेवलंय. याच्यात कधी मांस वाढलं नाही, वाढणार नाही. हे धुवायलाही वेगळा स्पंज आहे. बघ, आमच्या कशाचाही याला स्पर्श झालेला नाही.”

मी ते ताट पाहत राहिलो. माझ्या आज्याला गावातल्या हॉटेलात चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. तो कप भिंतीच्या कोनाड्यात असायचा, पिऊन त्यानंच धुऊन ठेवायचा. ते मोडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. आणि इथं सात समुद्रांपार एक बाई माझ्यासाठी वेगळं ताट, वेगळा चमचा, वेगळा स्पंज घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल मायेशिवाय काही नव्हतं. हे ताट तिनं मांडलं नव्हतं. मी मांडून घेतलं होतं.

जेवलो. वडा कोरडा होता. बाई माझ्याकडं पाहत होत्या. “नीट झालंय ना?” म्हणाल्या. मी म्हटलं, “फार छान.” निघताना त्यांनी उरलेला वडा आणि तेलातले बटाटे बांधले, पण हातात द्यायच्या आधी थांबल्या. “हे चालेल ना? का तुमच्यात नेत नाहीत?” त्यांनी घाबरत विचारलं. ज्या बाईनं वर्षापूर्वी न विचारता हातात ठेवलं होतं, तिला मी विचारायला लावलं. मी पुडकं घेतलं, घरी नेलं आणि सगळं खाल्लं.

संध्याकाळी बाबांचा फोन.

“कुठी बसवलं?”

“टेबलापाशी. तिच्या पोरीच्या बाजूले.”

“ताट?”

“नवं होतं बाबा. मायासाठी घेतलं.”

“नवं?” बाबा म्हणाले. “मान हाय मंग.”

पुढं मला चुलतभावाकडून कळलं, की बाबांनी हे विहारात सांगितलं होतं. “गोऱ्या बाईनं माया पोराले नवं ताट घेतलं,” म्हणून. लोकांनी मान डोलावली होती.

असे आणखी दोन नाताळ गेले. ताट कपाटातून निघायचं, धुऊन परत कपाटात जायचं. मी दरवर्षी ठरवायचो की आज सांगू. दरवर्षी त्या मुकुट घालून, गुडघे दुखत असताना, दोन दोन कढया सांभाळत उभ्या असायच्या. आणि मला वाटायचं, आता सांगणं म्हणजे एवढ्या वर्षांच्या कष्टांवर पाणी ओतणं. हे मी त्यांच्यासाठी म्हणायचो. खरं म्हणजे माझी लाज मोठी होती, बाकी काही नाही.

बाबा आजारी पडले म्हणून मी नोकरी सोडून परत आलो. वर्षभर त्यांचं केलं. त्यांना मी अंघोळ घातली, भरवलं, औषधं दिली. बोलायला भरपूर वेळ होता. तेही राहिलं. आता मालेगावच्या एका दवाखान्यात काम करतो.

दर पंचवीस डिसेंबरला मी आंटींना व्हिडिओ कॉल लावतो. त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. मुलीनं घरी नेलंय, फोनही मुलगीच धरते. गेल्या वेळी मी विहारातून आलो होतो, बायको ताटं वाढत होती. त्या दिवशी मटण होतं. फोन लागला आणि स्क्रीनवर आंटी आल्या, डोक्यावर कागदी मुकुट, कपाळावर घसरलेला. त्या काय जेवल्या ते सांगत होत्या, तेवढ्यात बायकोनं माझ्यासमोर रश्श्याची वाटी ठेवली. मी झटक्यात फोन दुसऱ्या बाजूला फिरवला.

“अवो, काहून फिरवला?” बायको म्हणाली. “दिसू द्या ना मले बी.”

तिकडून आंटी बोलत होत्या. आवाज बारीक झालाय, मधे मधे धाप लागते. “दर नाताळला मला ते पहिलं वर्ष आठवतं, लव्ह. मी तुला मांस खाऊ घातलं. तू बोलला नाहीस, पण तुला किती वाईट वाटलं असेल. मी प्रार्थनेत त्याची माफी मागते.”

“नाही आंटी, काही नाही,” मी म्हणालो. “विसरा आता.”

“मी नाही विसरायची,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, “कायची माफी मांगून राह्यली ते बाई तुमाले?”

“काही नाही. म्हातारपन.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग भाकरी वाढली. मी दुसरी नको म्हटलं, तरी वाढली.

हे लिहिलं म्हणून सांगून झालं असं होत नाही, हे मला कळतं. बायको हे वाचेल, गावातले वाचतील, पण आंटींना मराठी येत नाही. त्यांना जे सांगायचं ते मलाच, माझ्या तोंडानं, त्यांना ऐकू येईल तोवर सांगावं लागेल. की मांस मला चालत होतं. की त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं. की त्यांनी प्रेमानं दिलेलं मी अपमान समजून फेकलं आणि ते का, हे आजीच्या मागच्या दारापासून सगळं.

त्या बाईंच्या मनावर एक अपराध आहे, जो त्यांनी केलेला नाही. तो उतरवणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.